मॉनिटरचा बारावा दिवस

१२ जानेवारी

धाकटे,

मायन्यात काय लिहावं यातच माझा अर्धा तास गेला. चिरंजीव लिहिलं, खोडलं. प्रिय लिहिलं, तेही खोडलं. नऊ वर्षं न बोललेल्या बहिणीला काय म्हणायचं ते पत्रलेखनाच्या पुस्तकात दिलेलं नाही. म्हणून घरात हाक मारायचे तीच लिहिली आहे.

तुझं पार्सल मिळालं. आधी वाटलं, चुकून आपल्या दारात आलं. खोक्यावर तुझ्या कंपनीचा छापील पत्ता, त्याच्या खाली पेनानं तुझ्या घराचा. आत हातात धरून खेळायचं यंत्र, चार्जर आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत दोन शब्द: ‘खेळून बघ.’ सही नाही, तारीख नाही. अक्षर मात्र तुझंच, ‘ख’चं पोट अजून तसंच सुटलेलं. तिसरीत असताना तुझ्याकडून दोन पानं ‘ख’ गिरवून घेतला होता, ती मेहनत पाण्यात गेली म्हणायची.

मी पंचेचाळीस वर्षांची बाई, आठवीला गणित शिकवते, वर शाळेचं वेळापत्रक माझ्या गळ्यात. मी खेळत बसू? यंत्र पुन्हा खोक्यात घालून कपाटावर ठेवलं आहे. सवयीनं पेन घेऊन खोक्यावर काहीतरी लिहिणार होते, ते मात्र लिहिलं नाही.

बाबांना जाऊन चार महिने झाले. शेवटी फार हाल झाले नाहीत. त्यांचा भाड्याचा पलंग परत नेला, आता त्या खोलीत फरशीवर चाकांचे चार काळे डाग आहेत. कितीही घासले तरी निघत नाहीत.

आणखी एक. बाबा जायच्या आठवडाभर आधी तू एका दुपारी येऊन गेलीस, असं समोरच्या टेलरबाईंनी सांगितलं. मी तेव्हा औषधं आणायला गेले होते. बाबा एकटे होते आणि त्यांना उठून दार उघडता येत नव्हतं. चुकामूक झाली, दुसरं काही नाही. तुझ्या मनात भलतंसलतं नको म्हणून कळवलं.

बाकी ठीक.

ताई

२८ जानेवारी

धाकटे,

माझ्या पत्राला उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे तू ठेवून घेतलंस. एवढं मला पुरतं.

खेळायला घेतलं. हसू नकोस. रविवारी अकराला वह्या तपासून संपल्या. पूर्वी बाबांची अंघोळ, त्यांची नखं, मग पेपर वाचून दाखवायचा, यात तीन कधी वाजले कळायचं नाही. आता अकरानंतरचा रविवार नुसता अंगावर येतो. शेवटी खोकं खाली काढलं. यंत्र सुरू कुठून करायचं हे शोधण्यात पाऊण तास गेला, आणि सुरू झालं तेव्हा ते उलटं धरलेलं होतं.

तर तू केलेल्या खेळातली ती मुलगी. दोन घट्ट वेण्या, खिशाला दोन पेनं (एक लाल), छातीवर ‘मॉनिटर’ असा बिल्ला आणि हातात घंटा. तिला नाव नाही, सगळे मॉनिटरच म्हणतात. ओळखली गं मी. नाक तेवढं जरा बरं काढायचं होतंस.

तिची कामं मला आवडली. सकाळी घंटा द्यायची, हजेरी घ्यायची, फळा पुसायचा, खडू मोजून डब्यात ठेवायचे. मग गेटशी उभं राहून उशिरा येणाऱ्यांची नावं वहीत लिहायची, वही ऑफिसात मोठ्या सरांच्या टेबलावर ठेवायची. सर मान वर न करता ‘शाबास’ म्हणतात. दिवस संपला की प्रगतिपुस्तक येतं: आज्ञापालन दहापैकी दहा, वक्तशीरपणा दहा, टापटीप दहा. दहा दिवस खेळले, एक गुण गेलेला नाही. शेजारच्या वर्गावर शिकवणाऱ्या मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, बाई, यात गुण मिळवायचे नसतात, मजा करायची असते. त्यांच्या वर्गाचा निकाल मला ठाऊक आहे.

मोठे सर म्हणजे बाबा, हेही कळलं. चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधायची त्यांची तऱ्हा तू बरोब्बर उचलली आहेस. ते बघून मी इतकी हसले की मग बराच वेळ यंत्र बाजूला ठेवावं लागलं. त्यांना सगळं जग सर म्हणायचं आणि आपण घरात बाबा. मी मात्र घरातही कधीकधी सर म्हणून जायचे, आणि तू मला त्यावरून किती छळायचीस.

यंत्रात खेळताना एक बारीक सूर वाजत राहतो. काम करताना मी ते चालूच ठेवते. घरात कसलातरी आवाज असलेला बरा.

ताई

१६ फेब्रुवारी

धाकटे,

तुझा खेळ बिघडला आहे. कंपनीत कुणी तपासतं की नाही? आम्ही प्रश्नपत्रिका छापायच्या आधी तिघी जणी तपासतो.

बारावा दिवस संपतच नाही. घंटा, हजेरी, फळा, खडू, गेट, वही, सगळं चोख करते. प्रगतिपुस्तकात दहा, दहा, दहा येतात, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुन्हा बारा. मला वाटलं माझंच काही राहतंय. म्हणून वही घातली, रोजची कामं टिपली, क्रम बदलून पाहिला, फळा दोनदा पुसला. गेले दोन आठवडे मी रोज शाळेतून येऊन चहा घेते आणि बारावा दिवस पार पाडते. काल हेडबाई म्हणाल्या, डोळे का असे ओढलेत? काय सांगणार कप्पाळ!

आणखी एक गोष्ट. अकराव्या दिवसापासून मोठ्या सरांची खुर्ची रिकामी आहे. चष्मा टेबलावर, सर नाहीत. मॉनिटर रिकाम्या खुर्चीसमोर वही ठेवते, आणि ‘शाबास’ कुणी म्हणत नाही, पण गुण पूर्ण मिळतात. ही चूक आहे की तू मुद्दाम केलं आहेस?

आणि बाराव्या दिवशी गेटबाहेर एक मुलगी येऊन उभी राहते. केस विस्कटलेले, दप्तराचा एक पट्टा तुटलेला. तिचं नाव वहीत लिहायला मला एक क्षणही लागला नाही, कारण ते मी आयुष्यभर लिहीत आले आहे. आपण एकाच घरातून निघायचो, मी वेळेत पोचायचे आणि तू वाटेत मांजर बघत बसायचीस. मग मी गेटच्या आतून तुझं नाव लिहायचे आणि तू बाहेर उन्हात उभी. बाबा सगळ्यांसमोर म्हणायचे, मॉनिटर असावी तर अशी, सख्ख्या बहिणीलाही सोडत नाही. मला फार अभिमान वाटायचा. मग घरी आल्यावर तू माझ्याशी बोलायची नाहीस, आणि तुझं काय बिघडलं हे मला खरंच कळायचं नाही.

आता विषय निघालाच आहे तर लिहिते. तू कॉलेज सोडून चित्रं काढायला गेलीस तेव्हा बाबा म्हणाले होते, तिचं काही या घरात यायला नको, ना ती, ना तिचं पत्र. तुझी सात पत्रं आली. सातही पाकिटांवर ‘परत’ लिहिलेलं अक्षर बाबांचं नव्हतं, माझं होतं. ते तुला कळलं असेलच. मी फोडून वाचली नाहीत, वास घेऊनही पाहिला नाही. सांगितलं तेवढं केलं.

पुढे कसं जायचं ते एका ओळीत कळव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

ताई

२ मार्च

धाकटे,

आज गेटच्या अगदी जवळ गेले. इतके दिवस मी तिचं नाव घंटेजवळ उभं राहूनच लिहीत होते, कारण मॉनिटरची जागा तिथे आखलेली आहे. आज कंटाळून चार पावलं पुढे गेले, आणि बाहेरची ती मुलगी बोलली. खाली चौकटीत अक्षरं आली:

‘गेटखालून तुझे बूट दिसतायत मला.’

माझ्या हातातून यंत्र गळून पडलं. कोपरा टवकला आहे, चालतं आहे.

मी त्या दुपारी औषधं आणायला गेले नव्हते. हे तुला पहिल्यापासून माहीत होतं, आणि तरी माझं ते पत्र तू ठेवून घेतलंस. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी बाबांना भरवून ताट घासत होते. बेल वाजली, मी ओल्या हातानं दारापर्यंत आले, आणि दुसऱ्यांदा बेल वाजवायची तुझी ती घाई ऐकून कडीवर ठेवलेला हात तिथेच राहिला. तू म्हणालीस, “ताई, दाराखालून तुझी पावलं दिसतायत मला.” तरी मी हलले नाही. मागे सरकले असते तर निदान दिसले तरी नसते. तेवढंही सुचलं नाही. किती वेळ तू उभी होतीस आणि किती वेळ मी, ते मला सांगता येणार नाही. मग जिन्यावरून तुझी पावलं वाजली आणि मी जाऊन उरलेली भांडी घासली.

पण बाबांनीच सांगितलं होतं. ते आजारी होते, त्यांचा जीव टांगणीला लागलेला. त्यांचा शब्द मी त्यांच्या शेवटच्या दिवसांत मोडायचा होता का? तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? जाऊ दे. तू माझ्या जागी कधीच नसतीस.

ताई

९ मार्च

धाकटे,

आज नर्सबाई आल्या होत्या. सकाळच्या पाळीला बाबांकडे यायच्या त्या. त्यांचं रक्तदाब मोजायचं यंत्र आपल्याकडे राहिलं होतं, ते न्यायला. मी चहा टाकला. कपाटावर तुझं खोकं दिसलं, त्यावरचं नाव वाचून त्या म्हणाल्या, धाकट्या येतात वाटतं आता? मी नाही म्हटलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, “मग तेव्हा आल्या नव्हत्या का? मीच फोन केला होता त्यांना. सरांनी नंबर शोधायला लावला होता.”

मला वाटलं त्यांचा काही गोंधळ होतोय. पण नाही. बाबांनी त्यांच्याकडून तुझ्या कंपनीत फोन लावून घेतला. दुपारी ये म्हणून निरोप दिला. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? नर्सबाईंनी रक्तदाबाचं यंत्र पिशवीत घातलं. मग म्हणाल्या, “मोठीसमोर आपला शब्द मागे घ्यायला जड जातं म्हणायचे. म्हणायचे, तिनं माझं सगळं ऐकलंय, आता तिला काय सांगू की मीच चुकलो म्हणून.”

त्या गेल्यावर मी त्या चार डागांच्या मधे फरशीवर बसून राहिले.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. आधीच्यातही नव्हती. ती कुणालाच सांगितलेली नाही. तू बेल वाजवलीस तेव्हा बाबा जागे होते. त्यांनी आतून विचारलं, कोण आहे? उघडू नकोस असं ते म्हणाले नाहीत. फक्त विचारलं, कोण आहे. आणि मी दारात उभी राहून म्हटलं, “कोणी नाही, बाबा.”

ते तुझी वाट बघत होते. मला ते माहीत नव्हतं, पण त्यांनी विचारल्यावर खरं सांगायला माहीत असायची काय गरज होती? नऊ वर्षांपूर्वीचा हुकूम. कुणी पुन्हा दिला नव्हता. मीच तो रोज पाळत बसले होते, रिकाम्या खुर्चीसमोर वही ठेवावी तशी. तुझ्या लक्षात आलं, माझ्या नाही. नंतरचा सगळा आठवडा ते दाराकडे तोंड करून निजायचे. मला वाटायचं, त्या कुशीवर त्यांना बरं वाटत असेल. उशी मीच सारखी करून द्यायचे.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही.

ताई

२३ मार्च

धाकटे,

चौदा दिवस यंत्राला हात लावला नव्हता. आज रविवार. वह्या होत्या, तपासल्या नाहीत. खुर्ची खिडकीशी ओढली आणि बारावा दिवस उघडला.

घंटा दिली नाही. हजेरी घेतली नाही. सरळ गेटशी गेले. गेटवरची पाटी पहिल्यांदा नीट वाचली: ‘उशिरा येणाऱ्यांस प्रवेश नाही. हुकमावरून.’ खाली सही पुसलेली. कडी उघडायचं बटण शोधावं लागेल असं वाटलं होतं, तर ते पहिल्या दिवसापासून माझ्या उजव्या अंगठ्याखालीच होतं. दाबलं. उघडलं. एवढंच.

मला वाटलं ती आत येईल. नाही आली. तिनं मॉनिटरकडे पाहिलं, वळली आणि चालायला लागली. मॉनिटर गेटच्या आत, हातात घंटा. पुढे जाईना. पुन्हा पुन्हा दाबते, जागची हलेना. मग लक्षात आलं, घंटा हातात असेपर्यंत तिला शाळेबाहेर पडता येत नाही. वस्तू खाली ठेवायचं बटण कुठलं हे मला माहीतच नव्हतं. दीड महिना खेळले, एकदाही लागलं नव्हतं. डावीकडचं बारीक बटण. तिनं घंटा खाली ठेवली, अगदी सावकाश, आवाज होऊ नये म्हणून. ते कुणी शिकवलं तुला? मी तशीच ठेवायचे.

बाहेर रस्ता. आणि काम काहीच नाही. कोपऱ्यात रोज यादी येते ती आलीच नाही. मी दहा मिनिटं बावळटासारखी उभी राहिले, कुणीतरी आता काय करायचं ते सांगेल म्हणून. मग एकदम रडू फुटलं. मला फार एकटं वाटतं गं. बाबा गेले तेव्हापासून नाही, त्याच्या कितीतरी आधीपासून. पण तेव्हा कामं होती, म्हणून कळत नव्हतं.

मग चालले. ती मुलगी लांब पुढे, मी मागे. ती एका घरात शिरली आणि दार लावून घेतलं. मॉनिटर दाराशी पोचली. बेल वाजवली. दार उघडलं नाही. सगळी बटणं दाबून पाहिली, एकानंही काही होत नाही. नुसतं उभं राहायचं. अर्ध्या तासानं यंत्राची बॅटरी संपली. चार्ज करून पुन्हा लावलं, तर मॉनिटर तिथेच उभी. प्रगतिपुस्तक आलं नाही. पण वर कोपऱ्यात तेरा आकडा दिसला.

पुढे काय होतं ते मला माहीत नाही. दार उघडतं का, हेही नाही. मी तुला विचारणार नाही.

उद्या शाळेत रजेचा अर्ज देणार आहे. आजवर रजा घेतली ती बाबांच्या दवाखान्यापायी. या वेळी कारणाच्या रकान्यात ‘बहिणीकडे’ असं लिहिलं आहे. हेडबाई दोनदा वाचतील. वेळापत्रकाचं काम शेजारच्या मास्तरांच्या गळ्यात घालून येते आहे. त्यांना म्हणावं, मजा करा आता.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तुझ्या घराचा पत्ता खोक्यावर आहेच. सातही पाकिटांवर मी लिहिलेलं ‘परत’ मला परत घेता येत नाही, आणि बाबांना दिलेलं उत्तर तर नाहीच. पण हे पत्र मी स्वतः आणते आहे. बुधवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. हे पहिलं पत्र असं आहे की तुला ते परत पाठवायचं झालं तर माझ्या हातात द्यावं लागेल. नाहीच उघडलंस, तर दाराखालून आत सारीन.

एकदाच बेल वाजवीन. उघडायलाच हवं असं नाही. तू आत असशील आणि उघडणार नाहीस, तर ते मला कळेल, आणि त्यात तुझं काही चुकणार नाही. मी उभी राहीन. उभं राहण्यात माझा हात कोण धरणार?

फक्त दारापासून लांब उभी राहणार नाही. अगदी चिकटून उभी राहीन, म्हणजे खालून माझी पावलं तुला दिसतील.

ताई